पडक्या भिंतींची साक्ष

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या किंवा तिथे फिरून आलेल्या मराठी माणसांत किल्ल्यांचा विषय निघाला की थोड्याच वेळात दोन तट पडतात. एक बाजू युट्रेक्टजवळच्या दे हार किल्ल्याचा दाखला देते. खंदकाच्या पाण्यात पडलेले बुरुजांचे प्रतिबिंब, टोकदार छपरे, रंगवलेल्या खिडक्या हे सगळे सांगून झाल्यावर ती म्हणते, ‘बघा, हे लोक आपला वारसा कसा जपतात, आणि आपल्या रायगडावर नुसती जोती उरली आहेत.’ दुसरी बाजू तितक्याच ठामपणे सांगते की दे हार हा श्रीमंताने हौसेने उभारलेला देखावा आहे. खरा किल्ला पाहायचा तर हार्लेमजवळच्या ब्रेडेरोडेच्या पडक्या भिंती पाहाव्यात. जवळजवळ हाच वाद डच लोक स्वतःही नाइमेखन शहरातल्या एका पाडलेल्या मनोऱ्यावरून कित्येक वर्षे घालत आले आहेत. दोन्हीकडे वादाचा पाया एकच आहे: कोणते खरे आणि कोणते खोटे. मी या देशातले किल्ले हिंडून पाहिले आहेत आणि माझी खात्री झाली आहे की हा पायाच कच्चा आहे, त्यामुळे त्यावर रचलेले दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ढासळतात.

पुनर्बांधणी खोटी असते म्हणून ती नाकारण्याचे कारण नाही, आणि अवशेष खरे असतात म्हणून ते पूज्य मानण्याचेही नाही. विचारायला हवेत ते दोन प्रश्न. वास्तू पडण्यापूर्वी कशी होती हे ज्यांना ठाऊक आहे अशी माणसे, किंवा त्यांनी मागे ठेवलेली भरवशाची मोजमापे, आज हाताशी आहेत का? आणि नवे बांधकाम जुन्या पुराव्याच्या छातीवर उभे राहणार आहे का? माहिती हाताशी असेल तर पुनर्बांधणी ही दुरुस्तीच होय, मग ती कितीही मोठी असो. माहिती नसेल तर ती नवी इमारत होय. नव्या इमारतीला माझी हरकत नाही. मात्र तिने आपले वय लपवू नये आणि जुनीची जागा बळकावू नये.

नेदरलँड्सचे किल्ले समजून घेताना सह्याद्री क्षणभर बाजूला ठेवावा लागतो. इथले जवळजवळ सगळे किल्ले आपल्या भाषेत भुईकोट आहेत: सपाट, ओलसर जमीन, भोवती पाण्याने भरलेला खंदक आणि आत विटांचे बुरूज. डोंगरी म्हणावा असा किल्ला एकच, दक्षिणेकडच्या लिम्बर्ग प्रांतातला फाल्कनबर्ख. आणि तोही 1672 मध्ये, फ्रेंच फौजा देशात घुसल्या असताना, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून डच सैन्यानेच सुरुंग लावून उडवला. लिम्बर्गचा मऊ चुनखडीचा दगड सोडला तर या देशात बांधकामाचा दगड मिळत नाही, म्हणून पडक्या वास्तूचा मालही मोलाचा. किल्ला मोडकळीला आला की त्याच्या विटा विकल्या जात, होड्यांत भरून नेल्या जात आणि दुसरीकडच्या घरांत व कोठारांत बसवल्या जात. दगडांच्या देशात पडका किल्ला दुर्लक्षातही शतकानुशतके उभा राहतो. विटांच्या देशात दुर्लक्ष झाले की तो नाहीसाच होतो. त्यामुळे आज इथे जो अवशेष दिसतो, तो कधीतरी कुणीतरी ‘हे राहू द्या’ असे ठरवल्यामुळे दिसतो. अवशेष म्हणजे काळाचे निर्भेळ काम, त्यात माणसाचा हात नाही, असे मानणाऱ्यांनी इथेच थांबून विचार करायला हवा.

ब्रेडेरोडेचेच उदाहरण घेऊ. सांटपोर्ट गावाशेजारी, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांपासून जवळ, हा किल्ला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला गेला. चौदाव्या शतकात हॉलंडच्या सरदारांत यादवी पेटली. एका पक्षाने कॉड माशाचे नाव घेतले, दुसऱ्याने तो पकडणाऱ्या गळाचे. त्या यादवीत 1351 मध्ये किल्ला उद्ध्वस्त झाला, मग पुन्हा उभारला गेला, 1426 मध्ये त्याचा एक भाग पुन्हा मोडला गेला, आणि 1573 मध्ये, स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या डच बंडात हार्लेमला वेढा पडला त्या काळात, स्पॅनिश सैनिकांनी तो जाळला. पण आज आपण खंदक ओलांडून जातो ते 1573 च्या राखेत नव्हे. 1862 पासून डच सरकारने या भिंती सावरल्या, ढासळणारे भाग बांधून काढले. सरकारने स्वतः जबाबदारी घेऊन दुरुस्त केलेल्या देशातल्या पहिल्या काही वास्तूंत ब्रेडेरोडेची गणना होते. म्हणजे हा अवशेषही एका अर्थाने एकोणिसाव्या शतकाचा आहे. पडझड कुठे थांबवायची, कोणती भिंत किती उंचीवर राखायची, गवत कुठवर येऊ द्यायचे, हे सगळे निर्णय माणसांनी घेतले आहेत. पडकेपणाही जपावा लागतो आणि जपताना तो घडवला जातो. ‘हे खरे, ते खोटे’ असे म्हणणाऱ्याला ब्रेडेरोडे कोणत्या रकान्यात टाकता येईल?

आता दे हारकडे वळू, कारण पुनर्बांधणीच्या बाजूचा सर्वांत देखणा साक्षीदार तोच आहे. सतराव्या शतकात फ्रेंच स्वारी आणि 1674 चे मोठे वादळ यांत खिळखिळा झालेला हा किल्ला पुढची दोनशे वर्षे कोसळतच गेला. 1890 मध्ये तो एतियेन व्हान झाउलन या बॅरनच्या वाट्याला आला. त्याची पत्नी एलेन ही रॉथशील्ड घराण्यातली होती, त्यामुळे पैशाला तोटा नव्हता. 1892 मध्ये काम सुरू झाले ते पीएर काउपर्स यांच्या हाताखाली. अ‍ॅमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम आणि तिथले मध्यवर्ती रेल्वे स्थानक उभारणारे वास्तुकार ते हेच. वीस वर्षे काम चालले. वीज आली, वाफेवर चालणारी उष्णतेची व्यवस्था आली, आतल्या भागात ओतीव लोखंड मुबलक वापरले गेले. बागेसाठी जागा हवी म्हणून हार्झाउलन्स हे अख्खे गाव उठवून थोड्या अंतरावर वसवले गेले. जुन्या जागी राहिले फक्त चर्च. झाडे वाढायची वाट पाहायला नको म्हणून सुमारे 7000 वाढलेली झाडे युट्रेक्ट प्रांतातून मुळांसकट आणून लावली गेली.

या वास्तूबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि पुनर्बांधणीवाल्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मी इथेच मान्य करतो: दे हार उभा राहिला नसता तर आज तिथे बहुधा झाडीत हरवलेला विटांचा ढिगारा असता, आणि कोरीव लाकूडकाम, काच, लोखंड यांतले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे इतके कसब एका ठिकाणी पाहायला मिळाले नसते. पण या मुद्द्यातून जे सिद्ध होते ते नीट पाहिले पाहिजे. दे हार आज मोलाचा आहे तो 1892 ते 1912 या काळाची निर्मिती म्हणून. मध्ययुग कसे असावे याबद्दल त्या पिढीचे काय स्वप्न होते, हे तो सांगतो. पंधराव्या शतकातला माणूस तिथे कसा राहत होता, हे तो सांगत नाही. आणि हे स्वतः काउपर्सना पुरते ठाऊक होते. त्यांनी जुन्या भिंतींवर नवे बांधकाम चढवताना नव्या भागासाठी वेगळ्या प्रकारची वीट वापरली, म्हणजे जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते हे पाहणाऱ्याला कळावे. देखावा रचणाऱ्याला अशी खूण ठेवण्याची काय गरज होती? ती खूण म्हणजे वास्तुकाराने पुढच्या पिढ्यांना दिलेला कबुलीजबाब आहे. दे हारला फसवणूक म्हणणारे त्या विटांकडे पाहत नाहीत; आणि त्याला जतनाचा आदर्श मानणारेही पाहत नाहीत, नाहीतर तिथे काय जतन झाले आणि काय नव्याने रचले गेले, हा फरक त्यांच्याही लक्षात आला असता.

तरीही एक किंमत मोजली गेली, आणि ती परत मिळणारी नाही. दोनशे वर्षांच्या पडझडीत त्या जागेने जे साठवले होते, ते नव्या बांधकामाखाली गेले. आजचा पुरातत्त्वज्ञ मातीच्या थरांतून, चुन्याच्या नमुन्यांतून, कोळशाच्या कणांतून जे वाचू शकतो, ते वाचण्याची साधने 1892 मध्ये नव्हती. आपल्याला आज जे दिसत नाही ते उद्याच्या माणसाला दिसेल. त्याच्यासाठी काही पाने न फाडता ठेवायला हवीत. अवशेष जागच्या जागी राखण्याच्या बाजूने माझे मुख्य म्हणणे हे आहे. ‘पडक्या भिंतींचे सौंदर्य’ हा युक्तिवाद मला फार कमकुवत वाटतो, कारण सौंदर्याची आवड पिढीगणिक बदलते.

ती किती बदलते हे माउडन गावचा माउडरस्लॉट किल्ला दाखवतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या पूर्वेला, व्हेख्त नदीच्या मुखाशी, हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस याने तो 1285 च्या सुमारास बांधला. 1296 मध्ये सरदारांनी त्यालाच पकडून याच किल्ल्यात डांबले आणि पुढे त्याचा खून झाला. लवकरच किल्लाही पाडला गेला. पाऊण शतकानंतर, 1370 च्या पुढे, जवळजवळ त्याच आराखड्यावर तो पुन्हा उभा राहिला. 1825 मध्ये सरकारनेच तो पाडण्यासाठी विकायला काढला होता. राजा पहिला विल्यम याच्यामुळे तो वाचला. 1895 पासून काउपर्सनी त्याला ‘मध्ययुगीन’ रूप दिले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या दुसऱ्या जीर्णोद्धारात त्यांनी केलेल्या बदलांपैकी काही पुन्हा काढून टाकले गेले. पन्नास-साठ वर्षांत मध्ययुगाचे चित्रच बदलले होते. आज तिथल्या दालनांत सतराव्या शतकातला काळ मांडलेला आहे, कारण कवी आणि इतिहासकार हूफ्त 1609 पासून अडतीस वर्षे तिथला कारभारी होता. म्हणजे भिंती चौदाव्या शतकाच्या, त्यांचे बाह्य रूप दोन वेगवेगळ्या आधुनिक पिढ्यांचे आणि सामान सतराव्या शतकातले.

यावर प्रतिपक्ष रास्तपणे विचारेल की 1370 मध्ये जुन्या पायावर पुन्हा बांधणे चालले, तर आज का चालू नये? मध्ययुगातली माणसे पुनर्बांधणीच करत नव्हती का? करत होती, पण ती आठवण उभी करत नव्हती; नदीच्या मुखावर नजर ठेवणारा आणि लढता येईल असा किल्ला त्यांना हवा होता. तो पहिल्यासारखा दिसतो की नाही याची त्यांना पर्वा नव्हती, आणि तोफा आल्या असत्या तर त्यांनी बुरुजांचा आकार निःसंकोच बदलला असता. आपण जेव्हा किल्ला ‘पूर्वी होता तसा’ बांधू म्हणतो, तेव्हा आपण असे काही करत असतो जे मध्ययुगाने कधीच केले नाही. म्हणून मध्ययुगाचा दाखला देऊन आजची प्रतिकृती समर्थनीय ठरत नाही.

दुसऱ्या बाजूच्या तज्ज्ञांचीही झाडाझडती घ्यायला हवी. 1873 मध्ये व्हिक्टर दे स्त्युर्स या वकिलाने ‘दे गिड्स’ मासिकात एक लेख लिहून, देशातल्या जुन्या वास्तू कशा बेपर्वाईने पाडल्या आणि विकल्या जात आहेत याचा जाहीर पंचनामा केला. त्यातून सरकारी जतनाची व्यवस्था उभी राहू लागली. पुढे जीर्णोद्धाराच्या नावाखाली वास्तूंना नवे मध्ययुग चढवले जाऊ लागले, त्याविरुद्ध 1917 मध्ये तिथल्या पुरातत्त्वप्रेमींच्या संघाने तत्त्वे मांडली. त्यांचा गाभा हा की राखणे हे नवे करण्यापेक्षा श्रेष्ठ. वास्तूंच्या जतनाविषयीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने तर स्पष्ट सांगितले की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. तत्त्व निर्दोष आहे आणि मी ते मानतो. पण त्याचा जप करता करता तज्ज्ञमंडळी कधीकधी असे बोलू लागतात, की जणू लोकांना आपली वास्तू परत हवीशी वाटणे हीच एक अडाणी भावना आहे. तशी ती मुळीच नाही.

दोर्नेनबुर्ख पाहा. राइन आणि वाल नद्यांच्या मधल्या सखल भागातला हा मोठा किल्ला व्हान हेक या उद्योजकाच्या पुढाकाराने 1937 ते 1941 या काळात दुरुस्त झाला, आणि 1945 मध्ये युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत जवळजवळ भुईसपाट झाला. 1947 मध्ये पुन्हा काम सुरू झाले आणि ते वीस वर्षे चालले. आज तिथे जे उभे आहे त्यातले बरेचसे त्या वीस वर्षांतले आहे, आणि कडक तत्त्वाने पाहिले तर ती ‘प्रतिकृती’ ठरते. माझे मन मात्र तसे म्हणू धजत नाही. ज्या गावाने तो किल्ला डोळ्यांनी पाहिला होता, ज्यांच्यासमोर त्याची दुरुस्ती होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती, त्यांनी तो पुन्हा बांधला. मिडलबर्ग शहराचेही तेच: मे 1940 मध्ये शहराचा मध्यभाग जळाला, पंधराव्या शतकात सुरू झालेली नगरसभेची इमारत आणि जुना मठ आगीत सापडले, आणि त्याच पिढीने ते पुन्हा उभे केले. हे घर जळाल्यावर घर बांधण्यासारखे आहे. घराला आग लागल्यावर राखेचे स्मारक करा असे कुणी घरधन्याला सांगते का? हानी ज्यांनी सोसली, त्यांना ती भरून काढण्याचा अधिकार असतो, आणि तो अधिकार त्यांच्या आठवणीतून व त्यांच्या हातातल्या कागदांतून येतो. पणतवंडांना तो आपोआप वारशाने मिळत नाही, कारण त्यांच्याकडे दुःख असले तरी आठवण नसते.

नाइमेखनचा प्रश्न नेमका इथे अडतो. वाल नदीच्या काठावर, उंचवट्यावर, फाल्कहॉफ नावाची जागा आहे. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने इथे राजवाडा बांधला होता. 1155 मध्ये जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने तो पुन्हा उभारला आणि त्याच्या काळात इथे प्रचंड मनोरा उभा राहिला. 1794 च्या फ्रेंच वेढ्यानंतर, नव्या राजवटीत, 1796-97 मध्ये प्रांतिक सरकारने सगळा किल्ला पाडण्यासाठी विकला. त्यात बराचसा टफ हा ज्वालामुखीय दगड होता. दळून चुन्यात मिसळला की पाण्यातही घट्ट बसणारा गारा होतो, म्हणून त्याला चांगला भाव येई. शहराच्या आग्रहामुळे दोनच गोष्टी वाचल्या: अकराव्या शतकातले अष्टकोनी निकोलस प्रार्थनागृह आणि बार्बारोसाच्या प्रार्थनागृहाचा अर्धवर्तुळाकार भाग. भोवती उद्यान झाले. 2005 मध्ये शहराला 2000 वर्षे झाल्यानिमित्त मचाण आणि कापड यांचा तात्पुरता मनोरा त्या जागी उभारला गेला. लोक वर चढले, त्यांना तो आवडला, आणि 2006 मध्ये जनमत घेतले तेव्हा बहुमत कायमस्वरूपी मनोऱ्याच्या बाजूने पडले. वारसा-तज्ज्ञांनी हरकती घेतल्या आणि वाद लांबत गेला.

मनोरावाल्यांचे म्हणणे हलके नाही. फेब्रुवारी 1944 मध्ये अमेरिकी विमानांनी चुकून या शहरावर बाँब टाकले, शेकडो नागरिक मारले गेले, जुना मध्यभाग गेला. ज्या शहराने इतके गमावले त्याला आपल्या इतिहासाची एक ठळक खूण आकाशात हवी असेल तर ते समजण्यासारखे आहे. त्यांचा दुसरा मुद्दा असा की हा किल्ला अज्ञात नाही: सतराव्या शतकात व्हान खोयन आणि काउप यांसारख्या चित्रकारांनी तो नदीच्या बाजूने पुन्हा पुन्हा रंगवला. तिसरा मुद्दा लोकशाहीचा. जागा लोकांची आहे, लोकांनी कौल दिला आहे, मग मूठभर तज्ज्ञांनी तो का अडवावा?

शेवटापासून उत्तर देतो. लोकांना आपल्या पैशाने आपल्या शहरात मनोरा बांधण्याचा अधिकार आहे, पण मतदानाने तो बाराव्या शतकातला होत नाही. बहुमत इमारत मंजूर करू शकते, तिचे वय ठरवू शकत नाही. चित्रांबद्दल म्हणायचे तर ती बाहेरून काढलेली आहेत आणि चित्रकारांनी ती विकण्यासाठी काढली होती. व्हान खोयन तर आवडलेले बुरूज आणि चर्चची शिखरे इकडची तिकडे हलवत असे. भिंतीची जाडी, जिन्यांची वळणे, मजल्यांची रचना, खोल्यांचा वापर हे चित्रातून कळत नाही. म्हणजे बाहेरचे कवच ओळखीचे आणि आत सगळा अंदाज. आणि गमावलेल्या शहराच्या दुःखाचा मुद्दा, जो मला सर्वांत जड वाटतो, तोही इथे लागू होत नाही, कारण फाल्कहॉफ बाँबने पाडला नाही. तो इथल्याच सत्तेने, विचारपूर्वक, दगडाचा हिशेब मांडून पाडला. जुनी राजसत्ता नकोशी झालेल्या काळाने राजवाडा दगडाच्या भावात विकला, ही त्या जागेची सर्वांत बोलकी कथा आहे. मोकळ्या उद्यानात उभे राहून मधली रिकामी जागा पाहिली की ती कथा पटते. तिथे मनोरा आला तर जणू ते कधी घडलेच नाही. शिवाय ते उद्यानही आता दोनशेहून अधिक वर्षांचे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीचा वारसा मोडून बाराव्या शतकाची कल्पना उभी करायची, याला जतन कसे म्हणता येईल?

या बाबतीत मला बार्बारोसाच जास्त प्रामाणिक वाटतो. त्याच्या पुनर्बांधणीचा लॅटिन शिलालेख उपलब्ध आहे. जुने, पडलेले, मोडलेले, नामशेष झालेले काम फ्रेडरिकने दुरुस्त केले, असे सांगून त्यात 1155 हे साल पद्यात गुंफले आहे. मूळ काम जुलियस सीझरचे असल्याचा त्यातला दावा चुकीचा आहे, पण स्वतःच्या कामाचे साल त्याने दगडात कोरून ठेवले. आठशे वर्षांपूर्वीच्या सम्राटाला जे लपवावेसे वाटले नाही ते आपण लपवू नये.

आठवणच नसलेल्या जागी काय होते हे पाहायचे असेल तर अल्मेरेला जावे. ही जमीन 1968 पर्यंत पाण्याखाली होती. तिथे 2000 च्या सुमारास बेल्जियममधल्या एका किल्ल्याच्या धर्तीवर नवा किल्ला बांधायला घेतला गेला. 2002 मध्ये पैसे संपले आणि काम थांबले. महामार्गालगत अर्धवट बुरूज नि उघडे चौकटे वर्षानुवर्षे उभे राहिले. ब्रेडेरोडेही पडका आणि हाही पडका, दोन्ही विटांचे. पण एका भिंतीसमोर उभे राहिल्यावर विचारायला शंभर प्रश्न सुचतात, आणि दुसऱ्यासमोर एकच, की पैसे कुठे कमी पडले.

मग मध्ययुग हाताने स्पर्श करून अनुभवायची इच्छा असलेल्यांनी, विशेषतः मुलांनी, कुठे जावे? ही गरज खरी आहे. पायाच्या चौकोनी खुणा पाहून आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर घर उभे राहत नाही. त्यासाठीच आल्फेन आन देन राइन इथले आर्केऑन आहे. 1994 मध्ये उघडलेल्या या उद्यानात उत्खननांच्या आधाराने प्रागैतिहासिक झोपड्या, रोमन इमारती आणि मध्ययुगीन गाव उभारले आहे. तिथे कारागीर कामे करून दाखवतात, चुलीचा धूर डोळ्यांत जातो, कुडाच्या भिंती हाताला लागतात. ही पुनर्बांधणी पूर्णपणे नवी आहे आणि ते उघड आहे. उद्या उत्खननातून वेगळे काही कळले तर घर मोडून पुन्हा बांधता येईल. चुकण्याची मुभा असलेली पुनर्बांधणी ही ज्ञानाची साधना आहे. खऱ्या अवशेषावर चढवलेल्या पुनर्बांधणीला ती मुभा नसते. युट्रेक्टच्या पश्चिमेला दे मेर्न इथे रोमन ठाण्याच्या मूळ जागी 2015 मध्ये लाकडाची नवी तटबंदी उभारली, तीही आधुनिक आकाराची आणि खालचे थर न दुखावणारी. आत, त्याच परिसरात सापडलेले रोमन जहाज ठेवले आहे. जुन्याच्या जागी नवे बांधायचेच असेल तर ते असे.

आपल्याकडच्या वाचकाला इथे जीर्णोद्धाराची आठवण होईल, आणि ती रास्त आहे. अहिल्याबाईंनी काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा बांधले तेव्हा ते ‘खरे’ की ‘प्रतिकृती’ असा प्रश्न कुणाला पडला नाही; देव तोच, पूजा तीच, म्हणून मंदिर तेच. वारशाच्या जतनाविषयीच्या 1994 च्या आंतरराष्ट्रीय नारा दस्तऐवजाने अस्सलपणाच्या कल्पना संस्कृतीगणिक वेगळ्या असू शकतात हे मान्य केले, ते याच कारणाने. पण किल्ल्यात पूजा चालू नसते. रायगडावरचा राजदरबार 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी आणि आगीने गेला. त्याची सलगता तुटली आहे. दे हारचा फोटो दाखवून तो पुन्हा उभारा म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारेन, की त्या दरबाराच्या लाकडी खांबांचे नक्षीकाम कुठून आणणार? आणि जर ते आजच्या कारागिराच्या कल्पनेतून येणार असेल, तर ते शिवकाळाच्या जोत्यावरच का? एक गोष्ट आणखी. डच कंपनीने 1637 मध्ये वेंगुर्ल्यात वखार घातली; त्या डच वखारीच्या भिंती आज भग्न अवस्थेत आहेत. तिथे नवी वखार नको आहे. माड आणि वेली यांच्यापासून त्या भिंती वाचवणारा माणूस, चुन्याचे ज्ञान असलेला गवंडी, आणि आत काय होते ते मराठीत सांगणारी एक पाटी हवी आहे. ब्रेडेरोडेत 1862 पासून जे झाले, तेच.

लिम्बर्गमधल्या केसेल गावी मास नदीच्या काठी केव्हरबर्ख किल्ला आहे. 1944 च्या अखेरीला माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला, आणि पुढे सात दशके तो तसाच पडून राहिला. गेल्या दशकात तो पुन्हा वापरात आणताना युद्धापूर्वीचे रूप नक्कल केले नाही. जुन्या भिंती होत्या तशा ठेवून नवे काम आजच्या रूपात, आजचे म्हणून जोडले. नाइमेखनच्या लोकांना मनोरा हवा असेल तर त्यांनी 2005 ची युक्ती पुन्हा वापरावी असे मला वाटते: दर काही वर्षांनी एका उन्हाळ्यापुरते मचाण उभारावे, कापडावर त्या वर्षापर्यंत जे कळले असेल ते रंगवावे, लोकांना वर जाऊन वाल नदी पाहू द्यावी, आणि शरद ऋतूत मचाण उतरवून उद्यान पुन्हा मोकळे करावे. पुढच्या खेपेला चित्र वेगळे असेल, कारण मधल्या काळात संशोधकांना आणखी काही सापडलेले असेल.